वाढलेला खुळखुळा

हेंकच्या उजव्या हाताची तर्जनी साप चावल्यामुळे गेली, आणि त्या सापाला मुकं मी केलं होतं. ही माझी पहिली चूक. ती निष्काळजीपणाने झाली, आणि चोविसाव्या वर्षी निष्काळजीपणाला निदान वयाची तरी सबब असते. दुसरी चूक मी पूर्ण शुद्धीत, पायरीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून केली. ती एका शब्दाची होती. त्या शब्दामुळे आयुष्यभर कानांच्या जोरावर जगलेल्या माणसाने आपल्या कानांवरचा विश्वास काढून घेतला. कान त्यांचे उत्तम होते. हे मला माहीत होतं, आणि मी वीस वर्षं ते त्यांना सांगितलं नाही. आता सांगून झालं आहे. जिथे सांगायला हवं होतं तिथे आधी सांगितलं, म्हणून इथे लिहितो आहे. हा क्रम उलटा झाला असता तर ती तिसरी चूक ठरली असती.

पुण्याहून नायमेखनला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला लागलो, तेव्हा पहिले दोन महिने कंपनीने दिलेल्या खोलीत काढले आणि मग हेंक आणि तिनेके यांच्या घरात माळ्यावरची खोली भाड्याने घेतली. वाल नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं ते अरुंद, तीन मजली घर. जिना इतका उभा की पहिल्या दिवशी बॅग घेऊन चढताना मी शिडी चढल्यासारख्या दोन्ही हातांनी पायऱ्या धरल्या. खालच्या खोलीत पियानो, त्याच्या शेजारी उघडा पडलेला दुसरा एक पियानो, भिंतीवर पाने-पक्कडींसारखी हत्यारं. हेंक पियानो सुरात लावायचं काम करत. डोळ्यांना काचबिंदू झालेला, समोरचं दिसे पण बाजूचं जवळजवळ काही नाही, म्हणून तिनेके त्यांना गाडीने गिऱ्हाइकांकडे नेऊन सोडत आणि घ्यायला जात. तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. माझ्या नावातला ख त्यांना जमेना, म्हणून मी त्यांच्या तोंडी निकिल झालो; मला मात्र त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला नुसतं ‘हेंक’ म्हणायला सहा महिने लागले. आईशी फोनवर बोलताना मात्र ते पहिल्यापासून हेंककाका होते.

त्या घरात संध्याकाळी बरोबर सहाला जेवण असे. सहा म्हणजे सहा. तिनेके थंड दिवसांत वाटाण्याचं सूप करत, इतकं घट्ट की चमचा उभा राही, आणि तो तसा राहिला की त्या माझ्याकडे बघून भुवया उंचावत, म्हणजे आता मी दाद द्यायची. दुपारचा पाव मात्र गार, त्यावर लोणी आणि चॉकलेटचे बारीक दाणे. मोठी माणसं हे गंभीर चेहऱ्याने खातात याचं मला फार हसू यायचं. शनिवारी स्वयंपाकघर माझं. मी आमटीला फोडणी घातली की मोहरी तडतडे आणि हेंक पियानोवरून उठून दारात येऊन उभे राहत, डोळे मिटून. “तुझीही एक युफ आहे म्हणायची,” ते म्हणत, “कढईत.”

युफ म्हणजे शाळेतल्या बाई. डच मुलं बालवाडीपासून शिक्षिकेला याच नावाने हाक मारतात. हेंकची युफ मात्र दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर राहायची. माझ्या खोलीकडे जायचा रस्ता तिच्या दारावरून. खोली दाखवताना तिनेके म्हणाल्या होत्या, “वाटेत अजून एक भाडेकरू लागते. घाबरू नकोस, ती आधी बोलते.” आणि वळणावर पाऊल ठेवताच ती बोलली. कुकरची शिटी होण्याआधी वाफ फुसफुसते तसा आवाज, पण कोरडा, आणि थांबतच नाही असा. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आपल्या आधी आपल्या कातडीला काही गोष्टी माहीत असतात. लाकडी कपाटाएवढी पेटी, पुढे दोन सरकत्या काचा, आत मंद दिवा, सालीच्या तुकड्याखाली मातकट रंगाचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्यातून वर आलेली शेपूट, जिचं टोक नुसतं धुरकट दिसत होतं. इतक्या वेगाने ते हलत होतं.

युफ रॅटलस्नेक होती. मराठीत कुठेतरी मी खुळखुळ्या साप असं वाचलेलं होतं, आणि माझ्या गोंधळाचं मूळ कदाचित त्या शब्दातच असावं. खुळखुळा म्हटला की आपल्याला पाळणा आठवतो. कोणीतरी रडतंय आणि कोणीतरी त्याला रमवतंय. मी हे हेंकना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. मग म्हणाले, “रमवायला नाही ती वाजवत. घाबरवायलाही नाही, खरं म्हणजे. ती लहान आहे, जमिनीवर पडलेली आहे, आणि जगात खुरांची मोठाली जनावरं आहेत, त्यांना खाली बघायची सवय नाही. ती सांगते, मी इथे आहे, पाय बघून टाका. चावली तर विष फुकट जातं. ते तिला जेवणासाठी हवं असतं.” शिकार करताना ती कधी वाजवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तिला स्वतःला तो आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही. “म्हणजे संबंध वाद्य दुसऱ्यासाठी,” हेंक म्हणाले. “असा वाजवणारा मी दुसरा पाहिला नाही.”

पियानो लावणारा माणूस साप का पाळतो, असं मला सगळे विचारतात. एक मित्र देश सोडून गेला तेव्हा तो तिला हेंकच्या गळ्यात मारून गेला, हे एक उत्तर. दुसरं उत्तर मी पाहिलं आहे. एका रविवारी सकाळी त्यांनी मला जिन्यापासून पेटीपर्यंत एकेक पाऊल चालायला लावलं आणि स्वतः भिंतीला कान टेकल्यासारखे उभे राहिले. मी पुढे सरकलो की आवाज चढत जाई. मग एका पावलाला तो चढला नाही, उडालाच. एकदम वरच्या सुरात. मी दचकून मागे आलो. हेंकनी तिथे जमिनीवर खडूने रेघ मारली. “तू अजून हातभर लांब होतास. पण तुला वाटलं तू तिच्या अंगावर पडलास, हो ना? चढत चढत नेते आणि मग फसवते. कारण तुला गणित करायला वेळ मिळाला तर तू आणखी एक पाऊल टाकशील.” अलीकडे मी हेच कुठेतरी वाचलं, कोणी संशोधकांनी मोजून काढलेलं. हेंकनी ते मोजपट्टीशिवाय, कानाने काढलं होतं. खडूची ती रेघ तिनेके दर आठवड्याला पुसत आणि हेंक पुन्हा मारत.

हळूहळू ती मला पाहून वाजवेनाशी झाली. मला वाईटच वाटलं. हेंक म्हणाले, “ओळख झाली तुमची. उगाच कशाला दमेल?” पोस्टमन, नळ दुरुस्त करणारा, माझे मित्र, कोणी नवा वर आला की मात्र ती बोले, आणि तिनेके खालून ओरडत, “वर कोण आहे? युफ सांगतेय कोणीतरी आहे!” दर शनिवारी सकाळी हेंक पेटी साफ करत. पेटीच्या मधोमध लाकडी फळी होती आणि फळीत एक छोटं दार. हेंक पेटीवर दोनदा टकटक करत. युफ ज्या बाजूला असेल तिथून वाजवे. मग ते मधलं दार लावून टाकत आणि दुसऱ्या बाजूची काच सरकवत. त्या अंधुक दिव्यात त्यांना दिसत नसे, आणि त्यांनी कधी बघायचा प्रयत्नही केला नाही. ऐकलं की पुरे.

त्या वसंतात ते दोघं दहा दिवस समुद्राकाठी गेले. मला काम सोपं होतं. तापमान बघायचं, आणि पेटीबाहेरून आत गेलेल्या नळीतून भांड्यात पाणी सोडायचं. खायला घालायची गरज नव्हती, ती महिनाभरही राही. काचेच्या कुलपाची किल्ली खुंटीला होती. “ती आग लागली तर,” हेंक म्हणाले. “नाहीतर नाही.”

आइंडहोवनहून मंदार आला. माझा कॉलेजचा मित्र. तेव्हा मोबाइलमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेली रिंगटोन घालायचं नवं अप्रूप होतं आणि त्याने एक छोटा माइक आणला होता. “तुझ्या बाईंचा आवाज पाहिजे यार. ऑफिसात फोन वाजला पाहिजे आणि सगळे टेबलावर चढले पाहिजेत.” तो अनोळखी, म्हणून ती लगेच वाजली. पण काचेतून आवाज बसका येत होता. मंदारने हेडफोन काढला. “मजा नाही. डब्यात घातल्यासारखा येतोय. जरा फट कर ना. दोन बोटं.”

“किल्ली आगीसाठी आहे,” मी म्हणालो.

“मग समज आग लागली. निख्या, तू लेका क्लीनरूममध्ये विषारी गॅसशेजारी काम करतोस आणि दोन बोटं काच सरकवायला घाबरतोस?”

मी काच सरकवली. हेंकचा लांब दांड्याचा आकडा हातात धरला होता, म्हणजे आपण सावध आहोत असं स्वतःला दाखवायला. आम्ही अर्धा तास तिला वाजवत ठेवलं. ती थांबली की मंदार काचेवर टिचकी मारी. मी तिच्याकडे बघत होतो, तिचं डोकं कुठे आहे तेवढंच बघत होतो. वळता वळता तिची शेपूट फटीशी आली आणि डोकं एकदम माझ्या दिशेला फिरलं. मी घाबरून काच ढकलली. ‘टक’ असा छोटा आवाज झाला, भुईमुगाची शेंग फोडताना होतो तसा. मग काही नाही. मंदार म्हणाला, “बंद का पडली?”

खुळखुळा जमिनीवर पडला होता, माझ्या करंगळीएवढा. मी उचलला. वजनच नव्हतं. मला कायम वाटायचं की आत बिया किंवा खडे असतील, खुळखुळ्यात असतात तसे. मी टोकाकडून आत बघितलं. आत काही नव्हतं. नखासारख्या पदार्थाच्या पोकळ कड्या, एकीत एक अडकवलेल्या, एकमेकींवर आपटणाऱ्या, बस. कात टाकताना दरवेळी एक नवी कडी येते, हे हेंकनी सांगितलेलं होतं. शेपटीला आता बुडाची एकच कडी उरली होती. एका कडीचा आवाज होत नाही. आपटायला दुसरी लागते.

संध्याकाळी आईचा फोन आला. माझ्या आवाजावरून तिने ओळखलं. “काय रे, काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही गं, हेंककाकांचा एक खुळखुळा वाढला माझ्या हातून.” आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. आमच्या घरी तर कपबशीसुद्धा वाढायची, आणि आई तुकडे गोळा करता करता म्हणायची, असू दे, वाढली तर वाढली. फुटली, मोडली हे शब्द उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. आई म्हणाली, “लहान मूल आहे का त्यांच्याकडे? बरं, असू दे. वस्तूच ती. नवा आणून दे.” मी हो म्हणालो. त्या शब्दाने मला किती बरं वाटलं ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मंदार गेल्यावर मी वालवरच्या पुलावर गेलो आणि तो खुळखुळा खाली टाकला. बुडाला नाही. तरंगत मालवाहू बोटीच्या मागे गेला.

ते दोघं रविवारी परत आले. तिनेकेंनी माझ्यासाठी दालचिनी घातलेल्या पावाची गोड, चिकट वळकटी आणली होती आणि मी ती खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. हेंकनी कोट काढता काढता विचारलं, “आणि वर? सगळं रुस्तिख?” रुस्तिख म्हणजे शांत. माणूसही रुस्तिख असतो, समुद्रही, रविवारची दुपारही. तोंडात ती वळकटी होती. मी म्हणालो, “हो. रुस्तिख.” हे खोटं नव्हतं, असं मी त्या आठवड्यात स्वतःला अनेकदा सांगितलं. रोज ऑफिसातून सायकलने येताना ठरवायचं की आज जेवताना सांगू. सहाला टेबलावर बसलो की हेंक त्या दिवशी कुठला पियानो लावला ते सांगायला लागत, एखाद्या पेशंटबद्दल डॉक्टरने बोलावं तसं, आणि मी उद्यावर टाकी. त्यात एक विचार असाही होता की कात टाकल्यावर नवी कडी येईल आणि कोणाला कळणारही नाही.

शनिवारी सकाळी मी धुतलेले कपडे घेऊन वर चाललो होतो. हेंक पेटीसमोर बादली घेऊन उभे होते. त्यांनी दोनदा टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. कान टेकवला. “झोपलीय,” ते माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले. माझं पाऊल ते ओळखत. “डाव्या बाजूला, गुहेत असणार. तू म्हणालासच, रुस्तिख आहे.” त्यांनी मधलं दार लावलं आणि उजवी काच सरकवली. मी दोन पायऱ्या वर आलो आणि मला दिसलं. ती उजवीकडेच होती, पाण्याच्या भांड्याच्या मागे, वेटोळं घट्ट, डोकं मागे घेतलेलं. आणि शेपूट उभी. शेपूट थरथरत होती. टोक धुरकट दिसत होतं, पहिल्या दिवशी दिसलं तसंच. ती सांगत होती. जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगत होती, आणि खोलीत खालच्या घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

मी ओरडलो, “हेंक!”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. हात आतच होता.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं, आणि ते हेंकमुळे. त्यांनी काच लावली, कुलूप लावलं, पायरीवर बसले आणि हात मांडीवर ठेवला. तिनेके खाली फोनवर पत्ता सांगत होत्या. हेंकनी खिशातून पेन काढून मला दिलं. “सूज कुठपर्यंत आली तिथे रेघ मार आणि वेळ लिही. दर पाच मिनिटांनी. दवाखान्यात विचारतील.” मी त्यांच्या मनगटावर लिहिलं. मग दंडाकडे आणखी वर लिहिलं. त्यांनी मला विचारलं, “निकिल, मी ऐकलं नाही. ती वाजली का?”

आता नाही म्हणालो तर ते विचारतील, का नाही वाजली. तिनेके वर येऊन बघतील. इतकंच माझ्या डोक्यात आलं. त्याच्या पलीकडे काही नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “वाजली.”

त्यांचा चेहरा हातामुळे आतापर्यंत बदलला नव्हता. तो त्या शब्दाने बदलला.

ते वाचले. विषावरचं औषध लांबून आणावं लागलं, पण आलं. तर्जनी काढली, अंगठा ताठ झाला. दुसऱ्या दिवशी सापांच्या निवाऱ्यातून एक माणूस येऊन युफला घेऊन गेला. पेटीत भरताना तो म्हणाला, “हिचा खुळखुळा तुटलाय. होतं असं कधीकधी. मालकाला माहीत आहे ना?” मी म्हणालो, “हो, हो.” कागदावर सही केली. त्याच्या गाडीचं दार लागलं तेव्हा त्या घरात खरं बोलू शकणारा दुसरा कोणी उरला नाही.

महिन्याभराने तिनेके म्हणाल्या, “हेंक, हाताने जमेल. सूर लावायची किल्ली तीन बोटांनीही पिळता येते, तूच म्हणायचास.” हेंक सूप ढवळत होते. “हाताने जमेल,” ते म्हणाले, “कानाने नाही. हातभर अंतरावरून मला रॅटलस्नेक ऐकू येत नाही, तिनेके. निकिलला जिन्यावरून ऐकू आली. लोकांच्या पियानोंचं मी काय करत होतो इतके दिवस?” त्या म्हणाल्या, डॉक्टरकडे जा, कान तपासून घे. ते म्हणाले, “कशाला? माझी तपासणी झालेली आहे.” आणि मी तिथे बसलो होतो. चमचा उभा राहिला होता. मी तिनेकेंच्या भुवया उंचावलेल्या पाहिल्या नाहीत, कारण त्या उंचावल्या गेल्याच नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येत आणि हेंक त्यांना दुसऱ्या माणसाचा नंबर देत. दोन्ही पियानो उन्हाळ्यात गेले. जिथे ते उभे होते तिथे लाकडी जमीन वेगळ्या रंगाची दिसे, आणि मी तिच्यावरून न चालता कडेने जाई.

शरद ऋतूत मी आर्नहेमला नोकरी बदलली. जवळजवळ पळालो. मंदारला सगळं सांगितलं होतं. त्याने रिंगटोन पुसून टाकली आणि म्हणाला, “सांगून टाक रे.” पुढच्या वर्षी पुन्हा म्हणाला, मग म्हणायचा थांबला. मी दर नाताळला कार्ड पाठवी. वर्षातून एकदा केक घेऊन जाई. तिनेके गेल्या तेव्हा अंत्यविधीनंतर सगळ्यांना कॉफी आणि केकचा तुकडा देतात तसा मलाही दिला, आणि हेंकनी लोकांना माझी ओळख करून दिली, “हा निकिल. याने मला हाक मारली नसती तर सापाने चेहराच धरला असता.” त्या दिवशी मी गाडीत बसून बराच वेळ निघू शकलो नाही. रात्रंदिवस माझ्या कानात काय वाजतं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आवाज नाहीच. एक शेपूट हलते आहे आणि मी ती बघतो आहे.

लोकांना मात्र मी ही गोष्ट सांगत असे. रायस्वाइकला गणपतीच्या जेवणात, कोणाच्या वाढदिवसाला. पियानोवाले हेंककाका, सापाला बाई म्हणणारे. माझा भाग वगळून ती चांगली हसवणारी गोष्ट आहे. म्हणूनच माझ्या मुलीने, ईराने, शाळेतल्या भाषणासाठी तो विषय निवडला. इथे प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. ती अकरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. तिने पुस्तकातून सगळं काढलं होतं. नव्या पिल्लाला एकच कडी असते आणि ते शेपूट हलवतं पण वाजत नाही, कड्या मोजून वय कळत नाही. स्वयंपाकघरात उभी राहून ती माझ्यासमोर सराव करत होती आणि मध्येच थांबली.

“पण बाबा, तुमच्या हेंकना चावली तेव्हा ती का नाही वाजली? ती तर नेहमी आधी सांगायची.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडातून आपोआप आलं, “तिचा खुळखुळा वाढला होता.”

ईराने कपाळाला आठ्या घातल्या. तिला वाढणं म्हणजे उंची वाढणं माहीत, ताटात भात वाढणं माहीत. “वाढला? मोठा झाला? मग तर आवाज जास्त यायला हवा ना?”

ती वाट बघत होती, हातात भाषणाचं कार्ड.

“वाढला नाही,” मी म्हणालो. “मोडला होता.”

“कोणी मोडला?”

“मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रागावेल, किंवा रडेल. तिने फक्त विचारलं, “हेंकना माहीत आहे?” मी नकारार्थी मान हलवली. “अजून नाही?” ती म्हणाली. या ‘अजून’वर तिने जोर दिला नव्हता. तिला खरंच वाटलं की मी उशीर करतो आहे, एवढंच.

हेंक आता त्र्याऐंशीचे आहेत, नायमेखनच्याच एका वृद्धाश्रमात. पुढच्या बुधवारी मी रजा टाकून गेलो. दुपारची कॉफीची वेळ, मोठी खोली, खिडकीशी चार टेबलं. एक बाई विणत होत्या, दोघं पत्ते खेळत होते. हेंकना आता जवळजवळ दिसत नाही, आणि आता कान खरोखरच गेले आहेत. यंत्र लावायला ते नकार देतात, सगळे पियानो त्यातून बेसूर वाजतात म्हणून. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि गाडीत घोकलेलं वाक्य हळू आवाजात म्हटलं.

“काय?” हेंक म्हणाले. “मोठ्याने बोल.”

मी पुन्हा म्हटलं. “मोठ्याने, निकिल, मोठ्याने!” त्यांनी मान पुढे केली, कान माझ्या तोंडाशी आणला. मी मागे वळून पाहिलं. वीस वर्षं मी या वाक्यासाठी एकांत शोधत होतो.

“युफचा खुळखुळा मी मोडला होता!” मी ओरडलो. पत्ते थांबले. “तुम्ही गेला होतात तेव्हा! कुलूप उघडून! आणि मी तुम्हाला सांगितलं नाही!”

त्यांचा हात माझ्या हातात होता. तो हलला नाही.

“म्हणजे त्या सकाळी,” ते सावकाश म्हणाले, “ऐकण्यासारखं काही नव्हतं?”

“नव्हतं!”

“तू म्हणालास वाजली.”

“खोटं बोललो! मला भीती वाटली म्हणून खोटं बोललो!”

हेंक खिडकीकडे वळले. त्यांना तिथे फार तर उजेड दिसत असेल. ओठ हलत होते, जणू ते मागे जाऊन एकेक वर्ष, एकेक घर, एकेक पियानो पुन्हा ऐकत होते. विणणाऱ्या बाईंनी सुया मांडीवर ठेवल्या होत्या. मग हेंकनी विचारलं, आणि इतक्या हळू की मला त्यांच्या जवळ वाकावं लागलं, “मग माझे कान?”

“चांगले होते!” मी म्हणालो. माझा आवाज फाटला, पण मी तो खाली येऊ दिला नाही. “तुमचे कान चांगले होते, हेंक! शेवटपर्यंत चांगले होते! तुम्ही बरोबर ऐकलंत, चूक माझी होती! तुमचं काम मी घालवलं! तिनेकेंनाही मी सांगितलं नाही! मला माफ करा!”

“अजून एकदा,” हेंक म्हणाले. डोळे मिटलेले होते. “कानांचं.”

“तुमचे कान चांगले होते,” मी म्हणालो. “मला माफ करा.”